मदत हवी आहे: धुरात मसाल्याचा वास टाकला, पण तो चिकनला लागत नाही

मंडळी नमस्कार,

घरामागच्या अंगणात झाकणाच्या गोल शेगडीत धुरावरचं चिकन करतो. एका बाजूला बाभळीचा कोळसा, त्यावर आंब्याच्या वाळक्या लाकडाचे ठोकळे. दुसऱ्या बाजूला जाळीवर तंगड्या. झाकण लावून दीड-दोन तास मंद आचेवर. आंब्याचा धूर चिकनला सुरेख लागतो, त्याबद्दल तक्रार नाही.

मला त्या धुरात मसाल्याचा सुगंध हवा आहे. दालचिनी, लवंग, तमालपत्र, संत्र्याच्या वाळवलेल्या साली असं सगळं निखाऱ्यांवर टाकून पाहिलं. अंगणभर घमघमाट सुटतो, पण चिकन खाताना दालचिनी शोधूनही सापडत नाही. तमालपत्र मूठभर टाकलं की पांढरा दाट धूर होतो आणि कातडी कडवट लागते.

डाळीला धुंगार देताना मात्र हीच लवंग चोख काम करते. वाटीत निखारा, त्यावर लवंग, वरून चमचाभर तूप, लगेच झाकण. पाच मिनिटांत डाळीला वास येतो. जमैकात जर्क चिकन पिमेंटोच्या, म्हणजे ऑलस्पाइसच्या लाकडावर भाजतात. सिचुआनमध्ये बदकाला चहापत्ती आणि कापराच्या झाडाचा धूर देतात. मग माझ्याच शेगडीत हे का जमू नये?

मसाला थेट निखाऱ्यावर टाकायचा की फॉइलच्या पुडीत? भिजवून की कोरडा? अंगणात लिंबू, पेरू आणि निलगिरी आहे, यांतलं काय वापरू?

प्रतिसाद १
लाल निखारा ७०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. संत्र्याच्या सालीतलं सुगंधी तेल, लिमोनीन, साधारण १७६ अंशांना उकळतं, लवंगेतलं युजेनॉल २५४ ला. निखाऱ्यावर पडताच थोडं तेल उडून जातं, बाकीचं जळतं. तुमचं चिकन दोन तास शिजतंय आणि त्यात लवंगेचा वाटा मिनिटभराचा. लाकडाचं तसं नाही. त्यातलं लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) धुमसताना ग्वायकॉल, म्हणजे धुराचा खास वास देणारं द्रव्य, सुटतं आणि ठोकळा संपेपर्यंत सुटत राहतं. जर्कचंही तेच, तिथे अख्खं लाकूडच सुगंधी असतं.

धुंगार जमतो कारण भांडं लहान, झाकण घट्ट आणि वास धरायला तूप. म्हणून चिकन आंब्याच्या धुरावर नेहमीसारखं शिजवा आणि शेवटी कढईत न्या. तळाला फॉइल, त्यावर तांदूळ, साखर, चहापत्ती, दालचिनीचा चुरा. वर जाळीवर तूप लावलेलं चिकन, झाकण घट्ट. धूर निघायला लागल्यावर दहा मिनिटं पुरे. शेगडीतच करायचं असेल तर दोन-तीन भोकं पाडलेली पुडी निखाऱ्यांच्या कडेला ठेवा, वर नको. मसाला कोरडाच घ्या. भिजवला तर आधी नुसती वाफ निघते.

प्रतिसाद २
आमच्या रायगडात थंडीत पोपटी लावतात, ती आठवली. मडक्याच्या तळाला आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा (एका सुवासिक रानटी झुडपाचा) पाला, मध्ये वालाच्या शेंगा, अंडी, चिकन. आग मडक्याच्या बाहेर. पाल्याला जाळ लागतच नाही, तो आतल्या वाफेत शिजतो आणि शेंगेच्या दाण्यापर्यंत त्याचा वास जातो. तुम्हीही पाला इंधनात घालू नका, चिकनखाली अंथरा. लिंबाची आणि पेरूची ताजी पानं चालतील. निलगिरी नको, औषधी वास बसतो. आणि आजूबाजूला कण्हेर असेल तर तिची काडी पेटवणासाठीसुद्धा घेऊ नका. कण्हेर विषारी आहे, तिचा धूरही.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. कढईचा प्रयोग या रविवारीच करतो. प्रतिसाद २, एक शंका आहे: पानं अंथरली तर खालच्या बाजूला आंब्याचा धूर कमी लागेल ना? आधी तासभर उघड्या जाळीवर ठेवून मग पानांवर घेतलं तर चालेल का?