क्षेत्रसभा भरवा, मग आराखडा बोलेल

नाशिक शहराच्या विकास आराखड्यात रहिवाशांना हरकत नोंदवण्यापलीकडे काही करता येत नाही, असं म्हणतात. पण कायद्यात वाट आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. त्यांच्याखालची क्षेत्रसभा, जिथे यादीतल्या प्रत्येक मतदाराला बोलता येतं, तीही राज्याच्या कायद्यात आहे. पण ती भरते कुठे? माझा आग्रह तिच्यासाठीच आहे. पुण्यात २००६पासून नागरिक अंदाजपत्रकासाठी कामं सुचवतात. नाशिकनेही ते करावं. कॉलनीच्या मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण, तुंबणारं पावसाळी गटार, नासर्डी नदीचं पाणी नेमकं कुठवर चढतं, हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत असतं. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर धावपळ कशाला? आत्ताच आपल्या भागाचा नकाशा काढा, सिडको असो की पंचवटी, महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या.