विश्वस्त मंडळ आणि सीईओ, दोघांचं जमवायचं कसं?

राजारामपुरीतली:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका संस्थेत गेल्या वर्षी मुख्य कार्यकारी म्हणून लागले. शिरोळ, करवीरच्या पूरपट्ट्यात मुलींच्या शिक्षणाचं काम आहे. विश्वस्त सगळे चांगले, काहींनी पदरमोड करून संस्था उभी केलीय, त्याबद्दल आदरच आहे. पण होतंय असं की अध्यक्ष सर मला एक सांगतात, सेक्रेटरी सर थेट फील्डवरच्या ताईंना फोन करून दुसरंच सांगतात आणि ताई मला विचारतात मॅडम नक्की कुणाचं ऐकायचं. परवा कुरुंदवाडचं शिबिर मी पुढं ढकललेलं, ते परस्पर जुन्या तारखेलाच घ्यायला लावलं, हॉलची किल्ली कुणाकडंच नाही, मुली डबे घेऊन पायऱ्यांवर बसलेल्या. मला भांडायचं नाहीय, हे काम मनापासून करायचंय. बोलायचं कसं आणि लिहून काय घ्यायचं, अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

माजी खजिनदार, ताराबाई पार्क:
ताई, मी विश्वस्तांच्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. संस्था १९५० च्या ट्रस्ट कायद्यात नोंदलेली असली की मालमत्तेची आणि हिशोबाची जबाबदारी विश्वस्तांवर येते, उद्या काही निघालं तर धर्मादाय कार्यालयात उत्तर द्यायला त्यांनाच उभं राहायला लागतं. जिवाला घोर असतो हो. आणि वरनं माहिती मिळाली नाही की माणूस खाली फोन लावतो. आमच्या सीईओ मॅडम दर पंधरवड्याला अध्यक्षांकडं जाऊन बसायच्या, अजेंडा-बिजेंडा काही नाही, चहा आणि पहिल्यांदा वाईट बातमी. ग्रँटचा हप्ता लांबलाय, कोण सोडून चाललंय, सगळं. सभेत कुणाला धक्का बसायचा नाही, आणि फोन हळूहळू कमी झाले.

गडहिंग्लजहून:
चहा पाहिजेच, पण अध्यक्ष बदलले की सगळं परत पहिल्यापासून, त्यामुळं ठराव करून घ्याच. किती रुपयांपर्यंत खर्च सीईओनं एकट्यानं करायचा, त्यावर कुणाची सही, स्टाफ नेमायचा कुणी (माझ्या मते सीईओनंच, आणि सीईओची नेमणूक, पगार, वर्षाचा आढावा मंडळाकडं), आणि स्टाफला सूचना फक्त सीईओमार्फत. जमीन-इमारत विकायचा विषय तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय कुणाच्याच हातात नाही.

आणि तुम्ही पूरपट्ट्यात आहात तर एक कलम विसरू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, आमचे निम्मे विश्वस्त पुण्याकडं अडकलेले, सभा घ्यायची कशी? आमचा ठराव आधीच होता, आपत्तीत सीईओ आणि अध्यक्षांनी फोनवर बोलून ठरलेल्या रकमेपर्यंत खर्च करायचा, त्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं, पुढच्या सभेत मंजुरी. ताडपत्री आणि कोरडा शिधा त्याच संध्याकाळी घेता आला, नंतर एकानंही हिशोबावर बोट ठेवलं नाही. ठराव पावसाळ्याआधी करा, पाणी आल्यावर कुणाचं डोकं थाऱ्यावर नसतं.

ट्रस्टची कागदपत्रं बघणारा:
वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी चेंज रिपोर्ट बघा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं. बऱ्याच संस्थांत कागदावर जुनेच लोक आणि सह्या नवे करतायत, मग वाद झाला की ठराव केला कुणी इथनंच सुरुवात. या तारखा सीईओनं स्वतः सांभाळून मंडळाला आठवण केली तर विश्वास लवकर बसतो हे मी बघितलंय.

परदेशी निधी असेल तर अजून एक. परदेशी निधीच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० ला दुरुस्ती झाली, त्यात त्या निधीतनं करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरनं २० टक्क्यांवर आलीय. ऑफिसचा खर्च, पगार यावरनं सभेत आवाज चढतात, म्हणून आकडे एका पानावर मांडून आठवडाभर आधी पाठवा. ऐन सभेत जाडजूड फाईल हातात दिली की माणूस वाचत नाही, नुसता संशय घेतो.

राजारामपुरीतली:
मनापासून आभार सगळ्यांचे. अध्यक्ष सरांची शनिवारची वेळ घेतलीय. पण सेक्रेटरी सरांचं काय करू? ताईंना त्यांनीच कामाला लावलंय, घरच्यासारखे संबंध आहेत. फोन करू नका म्हटलं तर दुखावतील, आणि ते दुखावलेले मला नको आहेत.

माजी खजिनदार, ताराबाई पार्क:
बंद करायला सांगूच नका, त्या माणसाचा जीव आहे कामात. महिन्यातनं एकदा तुमच्याबरोबर गावभेटीला न्या, जाता-येता गाडीत दोन तास मिळतात, त्यात निम्मं मिटतं. ताईंना एवढंच सांगा, सरांचा फोन आला की "हो सर, मॅडमना सांगून कळवते" म्हणायचं आणि खरंच कळवायचं. आणि तुम्ही बदल केला की पहिला फोन सरांना, कुरुंदवाडसारखं शिबिर पुढं ढकललं की तेव्हाच.