हिपॅटायटिसच्या नकाशात आफ्रिका पांढरीफटक कशी?

नकाशेवाला:
मंडळी, एका व्याख्यानासाठी हिपॅटायटिस बी आणि सीचे देशवार आकडे गोळा करतोय. लाख लोकसंख्येमागे वर्षात किती रुग्ण नोंदले गेले, एवढंच. पण नकाशा रंगवला तर युरोपातले काही देश लालभडक आणि आफ्रिकेचा मोठा भाग पांढराफटक! दोन रात्री सूत्रं तपासली. कुठे चुकतंय?

जुनी नोंदवाली:
सूत्रं बरोबर असतील हो. तुमच्या नकाशावर आजाराऐवजी तपासण्या रंगल्यात. मी काही वर्षं याच नोंदी चाळायचं काम केलंय, म्हणून जरा लांबण लावते.

हे विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप यकृतात बसतात. कावीळ दिसलीच पाहिजे असं नाही. तपासणी नाही तर नोंद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये बी असलेले २५ कोटी ४० लाख लोक होते. त्यातल्या जेमतेम १३ टक्क्यांचं निदान झालेलं. सीमध्ये ३६ टक्के.

शिवाय ‘रुग्ण’ कुणाला म्हणायचं? कुठे फक्त नवा, तीव्र संसर्ग मोजतात, कुठे जुनाटही. बीचा संसर्ग ताजा आहे का, हे ठरवायला कोर अँटिजेनविरुद्धची (विषाणूच्या गाभ्यातल्या प्रथिनाविरुद्धची) आयजीएम अँटिबॉडीची तपासणी लागते आणि ती अनेकदा केलेलीच नसते. सीची अँटिबॉडी तर बरं झाल्यावरही रक्तात राहते. विषाणू अजून आहे का, ते आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, तपासल्यावरच कळतं. अँटिबॉडीवरच नोंद करणाऱ्या देशाच्या यादीत बरे झालेलेही येतात.

आणि माझा पराक्रम: एकाच माणसाचे तीन अहवाल, आडनावाची तीन स्पेलिंगं. मी तीन रुग्ण म्हणून पुढे पाठवले. चार महिन्यांनी जन्मतारखेवरून लक्षात आलं.

नकाशेवाला:
अरे देवा. मग ताई, मृत्यूंचे आकडे वापरू का? मेलेला माणूस तरी लपत नाही.

जुनी नोंदवाली:
माणूस नाही लपत, कारण लपतं. दाखल्यावर ‘यकृताचा कर्करोग’ किंवा ‘सिऱ्होसिस’ (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं) लिहितात, मागचा विषाणू राहून जातो.

आकडेमोड:
श्रीमंत देशांतही सगळं नोंदलं जातं असं समजू नका. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी तीव्र सीच्या एका नोंदीमागे सुमारे १३.९ खरे संसर्ग धरते.
तुलनाच हवी तर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांमधलं बीच्या पृष्ठभाग-अँटिजेनचं (संसर्ग चालू असल्याची रक्तातली खूण) प्रमाण घ्या. सर्वेक्षणात लोकसंख्येतून नमुना निवडून रक्त तपासलेलं असतं, त्यामुळे दवाखान्यात कोण पोचलं याचा प्रश्न येत नाही. लसीकरणाचा परिणामही त्यातच दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० चं लक्ष्य ०.१ टक्का किंवा त्याहून कमी. मात्र अंदाज गणिती प्रारूपातला की खऱ्या सर्वेक्षणातला, ते बघून घ्या.

नकाशेवाला:
म्हणजे नकाशा नव्याने. जुना फेकून देऊ?

जुनी नोंदवाली:
कशाला? शीर्षक बदला, ‘नोंदलेले रुग्ण’ असं ठळक लिहा. आणि जिथून आकडाच आला नाही त्या देशांवर तिरक्या रेघा मारा. पांढरा ठेवलात तर मागच्या रांगेतला माणूस तिथे शून्य वाचणार.