बेडरूमला जांभळट करडा रंग: शेड कार्डावर छान दिसतो, भिंतीवर कसा दिसेल?

प्रश्न (नवी_भिंत): खोली १० × १२ फूट, उंची साडेनऊ. खिडकी पश्चिमेला, फरशी क्रीम, कपाट सागवानी पॉलिशचं. सध्या भिंती पीचरंगी आहेत. फिकट जांभळट करडा पसंत आहे, पण भिंतीवर लहान मुलीच्या खोलीसारखा दिसेल अशी भीती वाटते. चारही भिंतींना द्यावा की एकीलाच? रंग किती लागेल?

पारवा_प्रेमी: साडीच्या दुकानात याच्या जवळच्या रंगाला पारवा म्हणतात. कार्डावर जी छटा जवळजवळ करडीच वाटते ती घ्या. चार भिंतींवर जांभळा अंश वाढून दिसतो, त्यात सागाचा पिवळसरपणा शेजारी आला की आणखी उठतो.

आधी दिवा ठरवा, मग रंग. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या प्रकाशाच्या रंगाचं माप) पांढऱ्या ट्यूबखाली हा रंग निळसर, थंड दिसतो. २७०० च्या पिवळ्या बल्बखाली जांभळा मरतो आणि मातकट करडा उरतो. ४००० च्या आसपासचा दिवा बरा.

नमुना पीच भिंतीवर थेट लावू नका, डोळा फसतो. दोन फुटी हार्डबोर्डवर प्राइमर आणि रंगाचे दोन हात द्या, २४ तास वाळू द्या. मग सकाळी, चार वाजता आणि रात्री कपाटाशेजारी धरून बघा. ओला रंग बघून निर्णय नको, वाळल्यावर तो बहुधा गडद होतो.

रोलर_आणि_ब्रश: हिशोब: ४४ फूट घेर × ९.५ = ४१८ चौ. फूट. दार-खिडकीचे ४१ वजा करून ३७७. चांगलं इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे साधारण १२० चौ. फूट जातं, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आत. चार लिटर घ्या आणि एकाच वेळी टिंट करून (दुकानात रंगद्रव्य मिसळून) घ्या. एक-एक लिटरचे डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करा. अशा छटेत जांभळ्या रंगद्रव्याचे थेंब इतके कमी असतात की डब्याडब्यातला फरक भिंतीच्या मधोमध दिसतो. उरलेला रंग छटेच्या कोडसकट जपून ठेवा.

पश्चिमेचं ऊन भिंतीला घासून येतं, त्यात पुट्टीच्या लाटा उघड्या पडतात. प्राइमरच्या आधी अंधारात टॉर्च भिंतीला आडवा टेकवून बघा, सावली पडेल तिथे १८० नंबरचा पॉलिश पेपर. फिनिश मॅट घ्या.

पेंटर बऱ्याचदा चारही कडा ब्रशने आधी उरकतात आणि तासाभराने रोलर फिरवतात. मग भिंतीभोवती गडद चौकट उमटते. एका भिंतीची कड मारली की ती ओली असतानाच रोलर. पंखा बंद. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, जास्त घातलं की पट्टे.

नवी_भिंत: आणि एकच भिंत केली तर?

पारवा_प्रेमी: शेजारी पांढरं आलं की ती भिंत जास्तच जांभळी वाटेल. इतकी फिकट छटा चारही भिंतींना शोभते. छताला क्रीम नको, या रंगाजवळ ते पिवळं पडल्यासारखं दिसतं. साधा पांढरा द्या.

रोलर_आणि_ब्रश: कुठे ओल असेल तर ती आधी बघा. ओलीवर मारलेल्या फिकट करड्यावर पांढरे क्षार लगेच उठून दिसतात, आणि वरून रंगाचा तिसरा हात दिला तरी ते परत येतात.