मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस थांबवण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

मी हिंगोली जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. झटके आलेल्या गरोदर मातेला दर 4 तासांनी मॅग्नेशियम सल्फेटचे (झटके रोखणारे औषध) 5 ग्रॅमचे इंजेक्शन देण्यापूर्वी आम्ही तिचा नी जर्क (गुडघ्याखाली हलके ठोकल्यावर पाय उडण्याची प्रतिक्रिया), श्वसनाचा वेग (मिनिटाला किमान 16) आणि मागील 4 तासांतील लघवी (तासाला किमान 30 मिली) तपासतो. औषध शरीरात जास्त झाल्यास श्वास मंदावण्याआधी नी जर्क जातो, म्हणून मला तीच खूण सर्वांत मोलाची वाटते.

अडचण अशी की रात्रपाळीत एकटी परिचारिका असताना नी जर्क अगदी क्षीण लागतो, श्वसन मात्र 18 असते आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचा फोन लागत नाही. अशा वेळी डोस दिला तर विषबाधेची आणि थांबवला तर पुन्हा झटका येण्याची भीती असते. या विषबाधेवरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट 1 ग्रॅम आम्ही उशाशीच ठेवतो, पण ते कोणाच्या आदेशाने द्यायचे हे कुठेही लिहिलेले नाही.

आपल्या रुग्णालयात यासाठी डॉक्टरांच्या सहीचा लेखी स्थायी आदेश आहे का? असल्यास त्यात क्षीण नी जर्कबाबत नेमके काय लिहिले आहे, हे कृपया कळवावे.