प्रतिसाद : परिवीक्षा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी
परिवीक्षेवर, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर, सुटलेल्या माणसाने झोपेची गोळी घेतली की बंधपत्राची अट मोडली, आणि आजाराची सगळी फाइल परिवीक्षा अधिकाऱ्यापुढे ठेवावीच लागते, हे विधान मला पटत नाही. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ४ नुसार न्यायालय मादक पदार्थ वर्ज्य करण्याची अट घालू शकते. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, सांगितलेल्या मात्रेत घेतलेल्या औषधाला त्यात ओढणे ताणाताणीचे आहे. मानसिक उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने दिला आहे. त्याला अपवाद आहेत, पण कुणाची तोंडी विचारणा हा त्यांतला नव्हे.

आपल्याकडची अडचण निराळीच आहे. निपाणी-चिकोडीची माणसे उपचारांना मिरज-कोल्हापूरला जातात आणि आदेश मात्र कन्नडमध्ये हाती पडतो. अटी समजावून सांगणे न्यायालयाचे कर्तव्य आहे, तेव्हा त्या मराठीत सांगण्याची विनंती तिथेच करावी. माझ्या मावसभावाने डॉक्टरांकडून औषधाचे नाव, मात्रा आणि मुदत एवढेच लिहिलेले पत्र घेतले, निदान लिहू दिले नाही, तेवढ्यावर भागले. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, चिंतेवरच्या गोळ्यांची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत तीन वर्षे ठेवावी लागते, म्हणून बिलही जपावे.