प्रति: खांद्याला काचणारा स्विमसूट

छाती-कंबर बरोबर बसूनही खांद्याला काचतो म्हणताय, म्हणजे धडाची लांबी मोजायची राहिलीय. टेप खांद्यावरून पुढे, दोन्ही पायांमधून मागे आणि परत त्याच खांद्यावर आणा. साइझच्या तक्त्यात हाच आकडा 'टॉर्सो' म्हणून असतो. (मी ही चूक दोनदा केलीय, तेही 'बदलून मिळणार नाही'वाल्या सेलमध्ये!) कोरडा सूट अंगाला घट्टच हवा, ओला झाला की सैलावतो. घालून हात वर करा, ओणवं व्हा. पाठीत चुण्या पडल्या तर मोठा आहे. आणि रोज क्लोरीनमध्ये उतरणार असाल तर लायक्रापेक्षा (ताणलं जाणारं कापड) पॉलिएस्टर-पीबीटी, म्हणजे क्लोरीनमध्ये जास्त टिकणारं कापड, बरं. माझा लायक्राचा सूट बसायच्या जागी विरून आरपार दिसायला लागला होता, हे मला मागच्या लेनमधल्या काकूंनी सांगितलं.